भाच्याचा टीआय-८४ प्लस आणि आमची कृष्णा

दिवाळीला न्यू जर्सीहून ताई आली. बॅगेत बदाम, चॉकलेटं, आईच्या गुडघ्याचा पट्टा आणि माझ्यासाठी एक काळा, विटेसारखा जाड कॅल्क्युलेटर. भाच्याचा. शाळेत असताना वापरला, कॉलेजात गेल्यावर ड्रॉवरमध्ये पडून होता. "मामाला दे, तो बघेल काय करायचं ते," म्हणाला म्हणे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस, ग्राफ काढणारा. सांगलीत विश्रामबागेला माझा अकरावी-बारावीचा गणिताचा क्लास आहे. दिवाळीपासून या पावसाळ्यापर्यंत तो क्लासच्या टेबलावर आहे, तेव्हा आता दोन शब्द लिहायला हरकत नाही.

आधी पालकांसाठी, कारण ते एकच विचारतात: परीक्षेला चालतो का? नाही. बारावी बोर्डाला साधा बेरीज-वजाबाकीचासुद्धा चालत नाही, तिथं लॉग टेबल. जेईईला नाही. पुढं इंजिनिअरिंगला नॉन-प्रोग्रामेबल सायंटिफिक नेता येतो, पण हा प्रोग्राम साठवणारा, म्हणजे तिथंही दारातच अडणार. मार्कांसाठी घ्यायचा विचार असेल तर पुढचं वाचण्यापेक्षा चहा घ्या. तिकडं अमेरिकेत पोरं हा एसएटीला, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला, घेऊन बसतात, म्हणून घरोघरी एक असतो. २०२४ पासून तिकडची एसएटीही संगणकावर गेली आणि डेस्मॉस हे ग्राफ काढणारं ॲप परीक्षेच्या स्क्रीनवरच मिळायला लागलं. त्यामुळं असे कितीतरी ड्रॉवर आता भरलेले असणार.

मॉडेल २००४ चं. आत झेड-८० प्रोसेसर, १५ मेगाहर्ट्झचा. वापरायला मिळणारी रॅम २४ किलोबाइट, म्हणजे सकाळी व्हॉट्सॲपवर येतो तो शुभ प्रभातचा गुलाबसुद्धा त्यात मावायचा नाही. स्क्रीन ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, काळा-पांढरा, त्याला उजेड नाही. लाइट गेली की टॉर्च मारून बघायचं. ग्राफ काढणारा बाजारातला पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओचा, एफएक्स-७०००जी, १९८५ चा. त्याचाही स्क्रीन ९६ बाय ६४ चाच होता. एकोणीस वर्षांत ठिपका वाढला नाही. मला सुरुवातीला हसू आलं. आता वाटतं, या यंत्राची सगळी गंमत त्या मोजक्या ठिपक्यांतच आहे.

कशी ते सांगतो. वरच्या ओळीत पाच बटणं: वाय-इक्वल्स, विंडो, झूम, ट्रेस, ग्राफ. पहिल्या दिवशी एका मुलाला म्हटलं, एक्सचा वर्ग अधिक २० घाल आणि झूम ६ दाब. झूम ६ म्हणजे स्टँडर्ड विंडो, दोन्ही अक्षांवर उणे १० ते १०. स्क्रीनवर नुसते अक्ष आले. "सर, बंद पडला." बंद काही पडला नव्हता. अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, २० पासून वर सुरू होतो आणि आमची खिडकी दहावरच संपते. रोडवर उभं राहून तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात कोणी दिसत नाही म्हणायचं, तसं. मोबाइलवर बोटानं सरकवलं की झालं. इथं विंडोत जाऊन वायमॅक्स, म्हणजे वरची हद्द, किती ठेवायचा हे स्वतः ठरवून आकडा टाकावा लागतो. आणि ठरवायचं म्हणजे फंक्शन कुठवर जाणार याचा आधी विचार करावा लागतो. दहा वर्षं मी "रेंज, रेंज" म्हणून ओरडतोय, ते या रिकाम्या स्क्रीननं एका मिनिटात केलं.

दुसऱ्या आठवड्यात एक्सचा वर्ग आणि २ चा एक्सवा घात, दोघांचे ग्राफ एकमेकांना कुठं छेदतात ते विचारलं. तोंडी उत्तर सगळ्यांचं: दोनला. एक हुशार मुलगी म्हणाली, चारलाही, दोन्हीकडं १६ येतात. स्टँडर्ड विंडोत चारचा छेद दिसत नाही, कारण १६ बाहेर. वायमॅक्स २० केल्यावर तो दिसला, पण त्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, डावीकडं पण कायतरी कापलंय की." सेकंड-ट्रेस दाबून इंटरसेक्ट घेतलं. तो विचारतो: पहिली रेषा कुठली, दुसरी कुठली, आणि अंदाज सांग. अंदाज डावीकडचा दिला तर उत्तर उणे ०.७६६६६. हे उत्तर कागदावर समीकरण मांडून सरळ सुटत नाही. त्या दिवशी तासाभराचा माझा बेत बारगळला आणि त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

ठिपक्यांचं पुढचं प्रकरण तर मीच मुलांसारखा बघत बसलो. स्टँडर्ड विंडोत ट्रेस दाबून बाणानं पुढं गेलं की एक्सची किंमत ०.८५१०, मग १.०६३८. "सर, एक का येत नाही?" कारण २० ची लांबी ९४ घरांत वाटलीय, एकेक घर ०.२१२७ चं. झूम ४ घेतलं की डावी-उजवीकडं ४.७ पर्यंतच दिसतं, पण घर बरोबर ०.१ चं होतं आणि एक सापडतो. तसंच वर्तुळाचं. ९ वजा एक्स वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे अर्धवर्तुळ यायला हवं. स्टँडर्ड विंडोत करंजी येते. झूम ५ दाबलं की दोन्ही अक्षांचं माप सारखं होतं आणि करंजीचं अर्धवर्तुळ.

मग एका रविवारी झूम ७ काढला, त्रिकोणमितीची खिडकी. त्यात एकेक घर ७.५ अंशाचं. साइन ४८ एक्स काढलं. आली आडवी सरळ रेघ. दिवसाढवळ्या खोटं. ४८ गुणिले ७.५ म्हणजे ३६०. प्रत्येक ठिपक्यावर पोचेपर्यंत साइन एक पूर्ण फेरी मारून शून्यावर येऊन उभा, मधलं वरखाली नाचणं यंत्रानं पाहिलंच नाही. साइन ४९ एक्स काढलं तर हुबेहूब साधा साइन एक्स. साइन ४७ एक्स काढलं तर तोच उलटा. सिनेमात टांग्याचं चाक मागं फिरताना दिसतं, त्याची ही सख्खी बहीण. सोमवारी पोरांना काही न सांगता ४८ चं काढायला लावलं. निम्म्यांनी वहीत "साइन ४८ एक्स = ०" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मशीननं दाखवलं ना! हा तास मला मोबाइलवरच्या ॲपवर घेता आला नसता.

आता कृष्णेचं. सांगलीत पावसाळ्यात डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, कोणाला शिकवावा लागत नाही, फक्त त्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात हे सांगावं लागतं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ चे ५७ फूट आमच्यातल्या कित्येकांच्या भिंतींवर अजून आहेत. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे इथल्या आजीलाही पाठ असतं. जुलैत घराघरांत एकच वाक्य: "पाणी वाढतंय, पण वाढायचा जोर कमी झालाय." मी फळ्यावर लिहिलं, हे वाक्य गणितात म्हणा. आणि सहा-सहा तासांचे आकडे दिले. आकडे माझे, बनावट: २०, २४, २९, ३४, ३८, ४०.५, ४१.५. स्टॅटमध्ये जाऊन एल-१ या यादीत तास, एल-२ या यादीत फूट भरले.

आधी पहिले चारच आकडे ठेवून सरळ रेषा बसवायला सांगितली. ती रेषा साडेबत्तीस तासांच्या आतच ४५ गाठते. एकजण म्हणाला, सर, सामान वर चढवायला लागा. मग सातही आकडे घालून घन फंक्शन बसवलं, क्युबिकरेग. ते वाय-१ मध्ये, आणि वाय-२ मध्ये एनडेरिव्ह, म्हणजे त्याच फंक्शनचा वाढीचा वेग. एनडेरिव्ह काढताना हा अगदी दमादमानं काढतो, डावीकडून एकेक ठिपका. सगळ्यांच्या माना त्या दोन बोटं रुंद स्क्रीनवर. वेगाची रेषा चढली, बाराव्या तासाच्या आसपास वळली आणि उतरायला लागली. पाणी मात्र अजून चढतच होतं. "जोर कमी झालाय, तो इथं ओ सर!" त्या जागेला पॉइंट ऑफ इन्फ्लेक्शन म्हणतात हे मी नंतर लिहिलं. त्या संथपणाला म्हणून मी नावं ठेवत नाही. रेषा पुढं कुठं जाईल यावर मध्ये पैज लावायला वेळ मिळतो.

गोष्ट इथं संपली नाही. त्याच घन फंक्शनला त्या हुशार मुलीनं ७२ वा तास घातला. उत्तर उणे ३४ फूट. वर्गात हशा. कृष्णा पात्राच्या तळाखाली चौतीस फूट! खरं तर ते फंक्शन पस्तिसाव्या तासालाच पाणी उतरवायला लागतं, आणि आमच्या आकड्यांत छत्तीसला पाणी चढतंच आहे. सात ठिपक्यांमधून वळण छान गेलं, ठिपके संपल्यावर ते सैरभैर. यंत्राला नदी माहीत नाही. त्या पोरीला मी जाताना भडंगाची पुडी दिली.

तक्रारी विचाराल तर बऱ्याचशा माझ्याच हाताच्या. ऋण चिन्हाचं बटण वेगळं, वजाबाकीचं वेगळं. उणे एक्सला वजाबाकीचं दाबलं की सिंटॅक्स एरर. महिनाभर मी रोज दोनदा ते केलं, आणि पोरं तर आजही करतात. एकदा स्टॅट प्लॉट, म्हणजे याद्यांतल्या आकड्यांचे ठिपके काढायची सोय, चालू ठेवून याद्या पुसल्या. दुसऱ्या दिवशी साधी रेषा काढायला गेलो तर एरर, इन्व्हॅलिड डिम. अर्धा तास रेषेचं समीकरण तपासत बसलो, दोष प्लॉटचा. एका एररनं मात्र उलट शिकवलं. एक्स वजा २, या सगळ्याचा वर्ग, त्याचं शून्य शोधायला सांगितलं तर म्हणतो, नो साइन चेंज. म्हणजे तो शून्य शोधतो ते एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण आहे का बघून. अन्वस्त दोनला अक्षाला टेकून परत वर जातो, चिन्ह बदलतच नाही. मिनिमम घेऊन बघितलं तर दोनऐवजी १.९९९९ असं काहीतरी. पूर्णांक उत्तराला नऊ नऊ लावून देणारा हा बहुधा एकच प्राणी. आणि वर्गात चौदा जण, यंत्र एक. शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर स्वतःहून बंद होतो. ऑन केलं की तिथंच परत येतो, एवढं बरं.

मग घ्यायचा का? नवा घ्यायचा तर तिकडं शंभर डॉलरच्या आसपास. त्या पैशात मी तरी घेणार नाही. फंक्शन नुसतं बघायचं असेल तर डेस्मॉस फुकट आहे, जिओजेब्राही फुकट आहे, रंगीत आहे, स्लायडर ओढून अन्वस्त उघडता-मिटता येतो. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं जिओजेब्रा मी स्वतः रोज वापरतो. पण मोबाइलवर पोरं बघतात, "हं" म्हणतात आणि वरून नोटिफिकेशन आलं की गेली. टीआयवर नोटिफिकेशन येत नाही. कुणा नातेवाइकाच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर बॅगेत चॉकलेटाऐवजी हा मागवा. क्लास घेणाऱ्यांनी तर नक्की. इंजिनिअरिंगच्या पोरांनी हॉस्टेलवर ठेवायलाही ठीक आहे, परीक्षेच्या बॅगेत मात्र ठेवू नका.

सेलबद्दल एक. रिमोटला लागतात ते चार बारीक सेल, कुठंही मिळतात. शिवाय आत एक घड्याळाचं बटण सेल असतं, मेमरी टिकवायला. चार सेल बदलताना ते बटण सेल जिवंत हवं. माझं मेलेलं होतं, मला काय माहीत! चारही सेल एकदम काढले, नवे घातले, आणि स्क्रीनवर दोन शब्द: रॅम क्लिअर्ड. एल-१, एल-२, वाय-१, सगळं कोरं. हरभट रोडला घड्याळवाल्याकडं जाऊन तसलंच सेल आणलं. तो मागचं झाकण उघडून म्हणाला, "मास्तर, यात घड्याळ कुठाय?"

पुराचे आकडे मी फळ्यावरून केव्हाच पुसले होते. त्या मुलीच्या वहीत होते, उणे ३४ च्या शेजारी भोपळ्याएवढं उद्गारचिन्ह काढलेलं. तिनंच बसून परत भरले.