पायलट प्लँट सात महिने चाचणी केंद्रात ठेवल्यानंतर

आमच्या पायलट प्लँटचं बुडीत मेम्ब्रेनचं मॉड्यूल, म्हणजे टाकीत बुडवून सांडपाणी गाळणाऱ्या पोकळ तंतूंचा जुडगा, स्वतःच्या वर्कशॉपमध्ये सहा आठवडे बिनबोभाट चाललं होतं. टाकीत साखर, पेप्टोन आणि क्षार घालून बनवलेलं कृत्रिम सांडपाणी होतं, आणि त्यात केस नव्हते. चाचणी केंद्रात आणल्यावर अकराव्या दिवशी तंतूंच्या वरच्या टोकाला करंगळीएवढी जाड वेणी तयार झालेली सापडली. केस, वाइप्सचे धागे आणि त्यांना धरून बसलेला चिकट स्लज, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या जिवाणूंचा गाळ. ओढली तर तिच्याबरोबर दोन तंतूही तुटून आले.

सात महिन्यांनंतर कोणी विचारलं की अशा ठिकाणी जागा घ्यावी का, तर माझं उत्तर हो आहे. पण नळाला नक्की कोणतं पाणी येतंय हे विचारल्याशिवाय घेऊ नका. हा सगळा अनुभव त्या एका प्रश्नाभोवती फिरतो.

केंद्राची मांडणी सोपी आहे. चालू असलेल्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या कुंपणाच्या आतच मोठी शेड, तिच्यात आठ गाळे. प्रत्येक गाळ्यात चार नळ: जाळीतून गेलेलं कच्चं सांडपाणी, प्राथमिक सेटलिंगनंतरचं (जड गाळ खाली बसल्यावरचं), शेवटच्या क्लॅरिफायरमधून (स्लज खाली बसवून पाणी नितळ करणाऱ्या टाकीतून) येणारं आणि साधं पाणी. शिवाय वीज, कॉम्प्रेस्ड एअर, आणि जमिनीत एक ड्रेन जो थेट मुख्य प्रकल्पाच्या इनलेटला जाऊन मिळतो. नवख्या माणसाला या ड्रेनचं महत्त्व पटकन कळत नाही. तुमचं यंत्र फसलं आणि गढूळ पाणी बाहेर पडलं, तरी ते पुन्हा प्रकल्पातच जातं, त्यामुळे ते बाहेर सोडायच्या परवानग्यांमागे पळावं लागत नाही. आम्ही निदान चार वेळा फसलो, आणि चारही वेळा त्याचा फटका फक्त आम्हाला बसला.

आमचा स्किड, म्हणजे एका चौकटीवर बसवलेलं सगळं यंत्र, छोटा होता. २० चौरस मीटर मेम्ब्रेन, दर चौरस मीटरमधून तासाला १५ लिटर, ९ मिनिटं ओढायचं आणि १ मिनिट विश्रांती. म्हणजे दिवसाला साडेसहा हजार लिटरच्या आसपास. टाकी २.२ घनमीटरची, त्यामुळे पाणी आत साधारण आठ तास राहायचं. स्लजचं वय (तो सरासरी किती दिवस टाकीत राहतो ते) २० दिवस ठेवायचं म्हणून रोज ११० लिटर स्लज काढायचा. हे ११० लिटर काढायला एकाही रविवारी कोणी विसरलं नाही, याचं श्रेय पूर्णपणे तिथल्या ऑपरेटर मंडळींचं.

सुरुवातीचा स्लज केंद्रानेच दिला, मुख्य प्रकल्पाच्या रिटर्न लाइनमधून, म्हणजे स्लज परत टाकीत नेणाऱ्या पाइपमधून. ही सोय मला फार मोठी वाटते. १९१४ मध्ये अर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरमध्ये बाटल्यांत सांडपाणी भरून हवा सोडली, तेव्हा पहिल्या खेपेला पूर्ण नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) व्हायला पाच आठवडे लागले होते. मग त्यांनी वरचं पाणी ओतून तळाचा स्लज राखला, त्यावर नवं सांडपाणी घातलं, आणि असं करत करत हा वेळ एका दिवसावर आणला. आम्हाला तो राखलेला स्लज पहिल्याच दिवशी टँकरने भरून मिळाला आणि चौथ्या दिवशी अमोनिया उतरू लागला.

आता वेणीकडे परत येतो. माहितीपत्रकात ‘स्क्रीन केलेलं सांडपाणी’ एवढंच छापलं होतं. जाळी किती मिलिमीटरची हे आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ती ६ मिलिमीटरची निघाली. मुख्य प्रकल्पाला तेवढी पुरते, पण पोकळ तंतूंच्या मेम्ब्रेनला एक-दोन मिलिमीटरची लागते, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं, तरीही ‘पायलटला चालून जाईल’ असं धरून चाललो. आमचीच चूक. मग १ मिलिमीटर गोल छिद्रांचा छोटा ड्रम स्क्रीन आणून बसवला. फटीच्या जाळीच्या भानगडीत पडू नका, फटीतून केस लांबीच्या दिशेने सुळकन निसटतो. एवढ्या एका बदलाने आमचा मेम्ब्रेनचा त्रास निम्म्याहून कमी झाला.

खरी गंमत दुसऱ्या महिन्यात झाली. सगळे आकडे छान येत होते, आणि तेच खटकत होतं. येणाऱ्या पाण्याचा अमोनियाचा आलेख दिवसभर जवळजवळ सपाट. सांडपाणी असं नसतं. सकाळी लोक उठले की तास-दोन तासांनी अमोनिया चढतो, मध्यरात्रीनंतर उतरतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरना सहज बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, ‘‘साहेब, तुमच्या नळाला येतं ते टाकीचं पाणी. चॅनेलचं नाही.’’

शेडच्या मागे एक बफर टाकी होती. आठही गाळ्यांना सारखा दाब मिळावा म्हणून प्रकल्पात येणाऱ्या सांडपाण्याच्या चॅनेलमधून पंपाने आधी तिच्यात पाणी घ्यायचे, तिथून वाटायचे. टाकीत पाणी काही तास थांबायचं, मिसळायचं, जड गाळ खाली बसायचा. एका बुधवारी मी आणि माझा सहकारी बादली घेऊन चोवीस तास बसलो. दर तासाला एक नमुना चॅनेलचा, एक आमच्या नळाचा. चॅनेलमध्ये अमोनिया नायट्रोजन लिटरला २२ पासून ५८ मिलिग्रॅमपर्यंत फिरला. आमच्या नळावर ३७ ते ४३. तरंगते घन पदार्थ तर चॅनेलच्या दोन-तृतीयांशच. म्हणजे दोन महिने आम्ही गुळगुळीत करून दिलेलं पाणी साफ करत होतो आणि स्वतःची पाठ थोपटत होतो.

केंद्राच्या व्यवस्थापक मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी वाद घातला नाही, उलट ‘आधी का नाही विचारलंत’ असा चेहरा केला, जो मला अजून आठवतो. आठवड्याभरात एक स्क्रू पंप मिळाला आणि चॅनेलपासून थेट आमच्या ड्रम स्क्रीनपर्यंत पाइप टाकून झाला.

तिसऱ्याच दिवशी सकाळी अमोनियाचा पीक आला आणि आमचं यंत्र पहिल्यांदा घामाघूम झालं. एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन आणि ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवून पीएच टिकवायची ताकद) लागते. इथल्या पाण्याची अल्कलिनिटी लिटरला २८० मिलिग्रॅमच्या आसपास. ५८ ला ७.१४ ने गुणा, चारशेच्या वर जातं. काही अमोनिया जिवाणूंच्या वाढीत जातो हे धरलं तरी हिशेब जुळत नाही. दुपारी पीएच ६.३ वर आला, नायट्रिफिकेशन मंदावलं आणि अमोनिया सरळ बाहेर. रात्री अकरा वाजता केंद्रातून फोन, ‘‘तुमचा पीएच अलार्म वाजतोय, ब्लोअर बंद करू का?’’ नका करू, म्हटलं. तात्पुरता सोडियम बायकार्बोनेटचा डोस लावला. पुढे टाकीत बिनहवेचा कप्पा काढला, कारण तिथे नायट्रेट मोडताना खर्च झालेली साधारण निम्मी अल्कलिनिटी परत मिळते. हा कप्पा आता आमच्या मूळ डिझाइनमध्ये कायमचा आहे. सपाट आलेखावर खूश राहिलो असतो तर तो पहिल्या गिऱ्हाइकाच्या प्लँटवर, गिऱ्हाइकासमोर काढावा लागला असता.

प्रयोगशाळेबद्दल सांगायला हवं, कारण बिलाचा मोठा भाग तिथे जातो. गाळ्याचं भाडं दिवसावर, तपासण्या नमुन्यागणिक. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, त्याच दिवशी मिळायचा. डायक्रोमेटबरोबर १५० अंशांवर दोन तास, झालं. बीओडीचं, म्हणजे घाण जिवाणूंना पचवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं, गणित वेगळं. बाटली २० अंशांवर पाच दिवस ठेवायची असते आणि शनिवार-रविवार लॅब बंद. सोमवारी लावलेली बाटली शनिवारी वाचायला हवी, मंगळवारची रविवारी. म्हणून बीओडीचे नमुने फक्त बुधवार ते शुक्रवार. हे कळायला आमचे दोन सोमवार फुकट गेले.

लॅबवर विश्वास ठेवायचा का, हेही एकदा पाहिलं. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट लिटरला ४२५ मिलिग्रॅम घातलं की सीओडी ५०० यायला हवा. तसं द्रावण बनवून, आमचंच लेबल लावून, इतर बाटल्यांत सरकवलं. अहवालात ४९२ आला. त्यानंतर मी त्यांच्या आकड्यांवर शंका घेतली नाही. ऑटोसॅम्पलरबद्दल, म्हणजे आपोआप नमुने घेणाऱ्या यंत्राबद्दल, मात्र तक्रार आहे. त्याचा फ्रिज ४ अंश दाखवायचा, पण सक्शनची नळी केसांनी दोनदा चोकअप झाली आणि चोवीस तासांच्या मिश्र नमुन्याऐवजी सहा तासांचंच पाणी हातात आलं. बाटलीत किती पाणी आहे ते रोज सकाळी डोळ्यांनी बघायचं, एवढाच उपाय.

एक प्रसंग गंभीर होता. मेम्ब्रेन धुवायला आम्ही सोडियम हायपोक्लोराइट वापरायचो, नंतर खूप पाणी सोडून मग सायट्रिक ॲसिड. हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हे तिथल्या पहिल्या दिवसाच्या प्रशिक्षणातही सांगतात. आमच्या गाळ्यात आम्ही काळजी घेत होतो. पण आमचा आणि शेजारच्या गाळ्याचा ड्रेन एकाच गटारात मिळतो हे कोणीच सांगितलं नव्हतं. एका दुपारी आम्ही हायपो सोडला आणि शेजाऱ्यांनी त्याच वेळी ॲसिड. जाळीच्या झाकणातून वास आला तेव्हा ऑपरेटरनी सगळ्यांना बाहेर काढलं, दारं उघडली, तासाभराने आत घेतलं. कोणाला काही झालं नाही. पण दोन ड्रेन जोडताना कोणाच्याच डोक्यात हे आलं नसावं, हे मला अजून पटत नाही. त्यानंतर भिंतीवर धुलाईचं वेळापत्रक लागलं. ते पहिल्या दिवसापासून हवं होतं.

विजेच्या आकड्यांबद्दल सावध राहा. आमची टाकी अडीच मीटर खोल होती, मोठ्या प्लँटमध्ये चार-पाच मीटर असते. बुडबुडा जितका खोलवरून येतो तितका ऑक्सिजन पाण्यात जास्त विरघळतो. शिवाय बाजारातला सगळ्यात छोटा ब्लोअरसुद्धा आम्हाला मोठाच होता, निम्मी हवा व्हॉल्व्हमधून बाहेर जायची. तरी आमच्यातल्या एकाने पायलटची युनिट्स प्रति घनमीटर थेट मोठ्या प्लँटच्या प्रस्तावात लिहून टाकली होती. वेळीच काढली.

गोपनीयता जवळजवळ नाही. पडदे आहेत, पण चहाच्या वेळी सगळे सगळ्यांच्या स्किडवर हात ठेवून उभे असतात.

शेवटचा अहवाल केंद्र तयार करतं, आणि तो प्रमाणपत्र नसतो. काय आत गेलं, काय बाहेर आलं, कोणत्या दिवशी काय बंद पडलं, एवढंच. पीएच कोसळला ते नऊ दिवस ‘सुरुवातीच्या अडचणी’ म्हणून गाळा, अशी विनंती आम्ही केली. मॅडमनी नकार दिला. त्या वेळी राग आला होता. पण पुढे एका गिऱ्हाइकाच्या इंजिनियरने अहवाल उघडून सगळ्यात आधी तेच नऊ दिवस वाचले, बायकार्बोनेटचा डोस आणि नवा कप्पा कुठे बसला ते विचारलं, आणि तिथून पुढे बोलणी मोकळेपणाने झाली.

एक उणीव राहिलीच. आमचे सातही महिने उबदार होते, पाणी १८ अंशांच्या खाली कधी गेलं नाही. नायट्रिफाय करणारे जिवाणू थंडीत फार सुस्तावतात, आणि २० दिवसांचं स्लजवय १२ अंशांना पुरेल का, हे आमच्याकडच्या आकड्यांतून सांगता येत नाही. म्हणून थंडीच्या तीन महिन्यांसाठी पुन्हा जागा मागितली आहे. तोच गाळा मिळाला तर चॅनेलवरून येणारा पाइप तसाच आहे. नाही मिळाला तर तो आधी टाकून घेणार, आणि शेजारी कोण आहे व त्यांचा ड्रेन कुठे जातो, तेही त्याच दिवशी बघून घेणार.