तीन रंग की सहा? जलरंगांची पहिली निवड
जलरंग नव्याने शिकणाऱ्याने पिवळा, लाल आणि निळा असे तीनच रंग घ्यावेत, की प्रत्येकाची उबदार आणि थंड अशी जोडी धरून सहा घ्यावेत? तीन रंगांत खर्च कमी होतो आणि मिश्रणावर हात लवकर बसतो. मात्र त्यांतला लाल कॅडमियम रेड असेल, तर त्याच्या नारिंगी झाकेमुळे अल्ट्रामरीन या जांभळट झाकेच्या निळ्याबरोबर जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी छटा हाती येते. सहांच्या संचात त्याच अल्ट्रामरीनला क्रिमसन या थंड लालाची जोड मिळून स्वच्छ जांभळा, तर थॅलो ब्लू हा हिरवट झाकेचा निळा आणि लेमन यलो यांतून कोवळ्या भातरोपांचा लख्ख हिरवा साधतो. माझा कौल सहांनाच आहे. शिवाय बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग जरूर घ्यावा, कारण अल्ट्रामरीनसह तो पावसाळी ढगांचे सुरेख राखाडी रंग देतो आणि काळ्या ट्यूबची गरजच उरत नाही.