लाकडी केबिनचे पैसे देण्याआधी गाव विचारा

उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळी-नाताळात ताडोबा जंगलाच्या मोहर्ली, कोलारा गेटांच्या भागात संध्याकाळी एखादी बाहेरची गाडी रस्त्याच्या कडेला थांबते. मुलं मागे पेंगुळलेली. चालवणारा फोनमधला फोटो पानटपरीवाल्याला दाखवतो, "भाऊ, ही लाकडी केबिन कुठंशी आहे?" केबिन नसतेच. ज्याला पैसे पाठवले त्याचा फोन बंद. हंगामात आजूबाजूची सगळी रिसॉर्ट भरलेली, म्हणून मोहर्लीवरून तीसेक किलोमीटर मागे चंद्रपूर गाठायचं आणि मिळेल त्या लॉजवर रात्र काढायची. हे टाळता येतं. त्यासाठी ही फसवणूक कशी चालते, ते टप्प्याटप्प्याने समजून घ्या.

सुरुवात जाहिरातीपासून होते. "ताडोबा जंगलात सागाची लॉग केबिन, दोन रात्री, जेवणासह." दर खऱ्या दरापेक्षा थोडाच कमी, कारण फारच स्वस्त असेल तर माणूस सावध होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं की पाच मिनिटांत पंधरा फोटो येतात आणि मागोमाग निरोप, "सर, एकच केबिन उरली आहे, दुसरी पार्टी वाट बघत आहे." समजा भाडं ९,००० सांगितलं, तर निम्मे म्हणजे ४,५०० आगाऊ मागतात. ते मिळाले की ३,००० परत मिळणारी ठेव. मग सफारीच्या परमिटचे पैसे आणि सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो. प्रत्येक वेळची रक्कम आधीच्या रकमेपुढे लहान वाटते, आणि गुंतलेले पैसे वाया जातील या भीतीनं माणूस पुढचा हप्ता भरत जातो. शेवटी शंका येऊन बुकिंग रद्द करायचं म्हटलं, तर "रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा" असं सांगतात. इथं सर्वात मोठी रक्कम जाते. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

फोटो नीट बघितले तरी निम्मं काम होतं. आपल्याकडचं जंगल पानगळीचं. एप्रिल-मेमध्ये साग उघडा पडलेला असतो, बांबू पिवळा, जमिनीवर पाचोळा. फोटोत मागे सरळसोट देवदार किंवा पाइन दिसले, किंवा आत शेकोटीची दगडी चिमणी दिसली, तर तो फोटो हिमाचलचा किंवा परदेशातला आहे. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात चिमणी कोण बांधेल? इथल्या लाकडी कॉटेजला सहसा कवेलूचं किंवा टिनाचं छप्पर, बाहेर पडवी आणि खिडकीला कूलर असतो. प्रत्येक फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो वेगळ्या राज्यातल्या रिसॉर्टच्या नावाने सापडला, तर बोलणं तिथेच थांबवा.

तरीही सर्वात भरवशाचा प्रश्न गावाचा आहे. खरी केबिन कुठल्यातरी गावाच्या शिवारात, कुणाच्या तरी वावरात उभी असते. म्हणून विचारा: कोणत्या गेटजवळ? गाव कोणतं, तालुका कोणता? जमिनीचा गट नंबर काय? "ताडोबाच्या आत, कोअरमध्ये" असं उत्तर आलं तर ते खोटं आहे, कारण कोअरच्या, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव गाभ्याच्या आत कोणतंही खाजगी रिसॉर्ट नाही. "मोहर्ली आणि कोलारा दोन्ही गेट जवळ पडतात" हेही खोटं. ही दोन गेटं जंगलाच्या दोन टोकांना आहेत. मधून खाजगी गाडी जाऊ देत नाहीत आणि बाहेरून वळसा घालून दोनेक तास लागतात.

गट नंबर मिळाला तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून सातबारा मोफत पाहता येतो. जागा भाड्याने घेतलेली असेल तर मालकाचं नाव वेगळं असू शकतं, पण मग भाडेकरू त्या मालकाचं नाव न अडखळता सांगतो. भामटा गट नंबरच देत नाही, "तुम्हाला राहायचं आहे की जमीन घ्यायची आहे?" म्हणून चिडतो. हा राग ओळखून ठेवा. त्यानंतर व्हिडिओ कॉल मागा. रस्त्यावरच्या पाटीपासून खोलीपर्यंत चालत दाखवा, असं सांगा. "जंगलात नेटवर्क नाही" हे कारण पटण्यासारखं वाटतं, कारण या भागात नेटवर्क खरंच अधूनमधून जातं. पण ज्यानं तासाभरात पंधरा फोटो आणि दोन व्हिडिओ पाठवले, त्याला कॉलपुरतंच नेटवर्क नसावं, हे पटत नाही.

पैसे पाठवण्याआधी यूपीआयच्या पडद्यावर खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. रिसॉर्टच्या नावाऐवजी भलत्याच व्यक्तीचं नाव आलं की "ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे" असं सांगतात. बहुतेक वेळा ते दुसऱ्याचं, भाड्याने वापरायला घेतलेलं खातं असतं. एक रुपया पाठवून बघणं ही तपासणी नव्हे, त्यानं खातं चालू आहे एवढंच कळतं. जीएसटी नंबर दिला असेल तर तो १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, दोन्ही दिसतं. या नंबरात मालकाचा पॅनही असतो, म्हणून त्यातलं सहावं अक्षर पी असेल तर पॅन व्यक्तीचा, सी असेल तर कंपनीचा. "आमची कंपनी आहे" म्हणणाऱ्याच्या नंबरात पी असेल तर खुलासा मागा. अगदी छोट्या होमस्टेला जीएसटी लागू नसतो, त्यामुळे नंबर नसणं म्हणजे लबाडी असं मात्र समजू नका.

गुगल मॅपवरही आंधळा विश्वास नको. खऱ्या रिसॉर्टच्या नोंदीत "बदल सुचवा" वापरून फोन नंबर बदलला जातो. नाव खरं, जागा खरी, फोन भामट्याचा. नंबर दोन वेगळ्या ठिकाणांहून पडताळा. मेळघाटातली सेमाडोह, कोलकासची वनविभागाची कुटिरं "आम्ही मिळवून देतो" असं कुणी म्हटलं, तर मेळघाटच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन स्वतःच आरक्षण करा. सरकारी मुक्कामाचे पैसे कुणाच्या वैयक्तिक मोबाइल नंबरवर जात नाहीत.

सफारीचं तर मुक्कामापासून वेगळंच काढा. परमिट अधिकृत संकेतस्थळावर, नावानिशी आणि ओळखपत्राच्या नंबरासह निघतं, आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र बघतात. दुसऱ्याच्या नावाचं परमिट चालत नाही. बनावट परमिट पकडायला सोपं असतं, कारण ते करणाऱ्याला जंगलाचं वेळापत्रक ठाऊक नसतं. मंगळवारी ताडोबाचा कोअर बंद असतो. १ जुलै ते ३० सप्टेंबरही बंद. एका जिप्सीत सहाच पर्यटक बसतात. मंगळवारची कोअर सफारी किंवा आठ जणांची एक जिप्सी दिसली की कागद खोटा. आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. मुक्कामासाठी ओळख दाखवावीच लागली तर मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चार अंकच दिसतात.

आणखी एक प्रकार आहे, केबिन असते पण सांगितलेली नसते. टिनाच्या खोलीला बाहेरून लाकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या किंवा सिमेंट शीटवर लाकडी रंग मारलेला. खऱ्या ओंडक्यांच्या बांधकामात कोपऱ्यावर ओंडके एकमेकांत खाचा पाडून बसवलेले असतात आणि त्यांची टोकं बाहेर येतात. कोपऱ्याचा जवळून घेतलेला फोटो मागा. आतल्या भिंतींचाही मागा. कूलर, पाणी, जनरेटर आणि किती माणसांचं जेवण, हे लेखी घ्या, म्हणजे पुढे ग्राहक आयोगात दाखवता येतं. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन अशा तक्रारीसाठी आहे. मालक सापडत असेल तरच ती कामी येते.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जेवढं लवकर कराल तेवढी पुढच्या खात्यात रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएमपर्यंत काही तासांत पोचतात. हाताशी व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी आणि तुमच्या बँकेचं नाव ठेवा. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार पूर्ण करा आणि बँकेलाही लेखी कळवा. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक आपणहून परत देत नाही, म्हणून तक्रारीचा पोचक्रमांक जपा. नंबर ब्लॉक करण्याआधी संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, आणि स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव नको, फोन नंबर दिसला पाहिजे. ठाण्यात "आमची हद्द नाही" म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. पैसे परत मिळवून देतो म्हणणारे फोन नंतर येतील. ती त्याच टोळीची दुसरी फेरी असते.

आपल्या भागातल्या केबिनमालकांनीही दोन गोष्टी कराव्यात, कारण त्यांचेच फोटो चोरले जातात आणि रात्री दारात येऊन भांडणारा पाहुणा चौकीदाराच्या वाट्याला येतो. प्रत्येक फोटोवर मधोमध गाव, तालुका आणि फोन नंबर छापा, कोपऱ्यात छापला तर कापून टाकतात. आणि गुगलवरच्या नोंदीतला स्वतःचा नंबर आठवड्यातून एकदा लावून बघा.