कॅटलॉगच गेला तर: बॅकअप सर्व्हरच्या आपत्ती-नियोजनातील चार मार्गांची तुलना

कोणत्या यंत्रावरची कोणती फाइल कोणत्या तारखेला, कोणत्या टेपवर आणि त्या टेपवर नेमकी कुठे लिहिली गेली, याची नोंद बॅकअप सर्व्हर ज्या डेटाबेसमध्ये ठेवतो त्याला कॅटलॉग म्हणतात. तो नष्ट झाला तरी टेपवरचा डेटा जागच्या जागी असतो. मात्र तो परत कसा काढायचा हे सांगणारे काहीच उरत नाही. कॅटलॉग वाचवण्याचे मार्ग ढोबळमानाने चार आहेत: माध्यमे वाचून तो नव्याने बांधणे, बॅकअप सॉफ्टवेअरकडूनच त्याचा बॅकअप घेणे, डेटाबेसच्या स्वतःच्या साधनांनी प्रत काढणे आणि दुसऱ्या सर्व्हरवर त्याची प्रतिकृती चालू ठेवणे. चौघांनाही एकच प्रश्न विचारून पाहावा, कारण बहुतेक योजना तिथेच अडखळतात: हाताशी कॅटलॉग नसताना कॅटलॉगची प्रत कुठे आहे, हे कोण सांगणार?

पहिला मार्ग अनेकांनी न निवडताच निवडलेला असतो, कारण काहीच केले नाही तर शेवटी हाच उरतो. बॅक्युला या खुल्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये आणि त्यातून निघालेल्या बॅरिऑसमध्ये यासाठी बीस्कॅन हे साधन आहे. ते व्हॉल्यूम, म्हणजे बॅकअप लिहिलेली टेप किंवा डिस्कवरची फाइल, वाचत जाते आणि त्यातील नोंदी डेटाबेसमध्ये पुन्हा भरते. नेटबॅकअप या व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये हेच काम करणारा इम्पोर्ट दोन टप्प्यांत होतो: आधी माध्यमावर कोणकोणत्या बॅकअप प्रतिमा आहेत हे वाचले जाते आणि मग निवडलेल्या प्रतिमांतील फाइलींच्या नोंदी तयार होतात. कागदावर हे पुरेसे वाटते. वेळ मोजली की चित्र बदलते. एलटीओ-८ टेपची मूळ क्षमता १२ टीबी आणि कॉम्प्रेशनविना कमाल वेग सेकंदाला ३६० एमबी आहे, म्हणजे भरलेली एक टेप पूर्ण वाचायला, ड्राइव्ह क्षणभरही न थांबता चालला तरी, सव्वानऊ तास लागतात. अशा चाळीस टेप आणि दोन ड्राइव्ह असतील, तर जवळजवळ आठ दिवस केवळ वाचनात जातात आणि या काळात त्या ड्राइव्हवरून एकही फाइल रिस्टोअर करता येत नाही. शिवाय जॉबची, म्हणजे ठरवून दिलेल्या बॅकअप-कामांची, व्याख्या, वेळापत्रके आणि पासवर्ड टेपवर नसतातच. त्यामुळे आठ दिवसांनंतर हाती येते ती केवळ फाइलींची यादी, चालता सर्व्हर नव्हे.

आयबीएमच्या स्टोरेज प्रोटेक्टमध्ये, म्हणजे पूर्वीच्या टिव्होली स्टोरेज मॅनेजरमध्ये, हा मार्ग जवळजवळ बंदच आहे, कारण तेथे स्टोरेज पूलमधील, म्हणजे टेप-डिस्कच्या एकत्रित साठ्यातील, डेटाला अर्थ देणारी सगळी माहिती डीबी२ डेटाबेसमध्ये असते आणि तो डेटाबेस नसेल तर पूलमधील टेप वाचून क्लायंटच्या फाइली ओळखता येत नाहीत. उलट वीम या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बॅकअप साखळीसोबत (पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरच्या बदलांचे बॅकअप) तिचा मेटाडेटा असतो, त्यामुळे नव्या सर्व्हरवर बॅकअप फाइली आयात करून रिस्टोअर सुरू करता येतो. आपले सॉफ्टवेअर या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते, हे आधी पाहावे. पुढच्या सगळ्या निवडीचे वजन त्यावर ठरते.

दुसरा मार्ग, म्हणजे बॅकअप सॉफ्टवेअरनेच कॅटलॉगचा बॅकअप घेणे, सर्वांत रुळलेला आहे आणि माझ्या मते बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी; पण त्याची डीफॉल्ट मांडणी डोळसपणे वाचल्याशिवाय स्वीकारू नये. बॅक्युलाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. तेथील कॅटलॉगच्या जॉबची प्रायॉरिटी ११ असते, जेणेकरून रात्रीचे १० प्रायॉरिटीचे नेहमीचे जॉब आटोपल्यावरच तो सुरू व्हावा. सुरू होण्याआधी एक स्क्रिप्ट डेटाबेसचा एसक्यूएल डंप, म्हणजे त्याची मजकुराच्या रूपातील पूर्ण प्रत, काढते, तो डंप व्हॉल्यूमवर लिहिला जातो आणि जॉब संपताच दुसरी स्क्रिप्ट डिस्कवरचा डंप पुसून टाकते. म्हणजे ताज्या कॅटलॉगची एकमेव प्रत त्याच व्हॉल्यूममध्ये बंद होते, ज्यातून ती काढायला कॅटलॉग लागतो. हा पेच सोडवते ती बूटस्ट्रॅप फाइल. मोजक्या ओळींच्या या मजकुरात व्हॉल्यूमचे नाव, माध्यमाचा प्रकार, सत्राचा क्रमांक व वेळ आणि टेपवरचे स्थान एवढेच असते. पण ती हाती असेल तर बीएक्स्ट्रॅक्ट हे साधन डायरेक्टर (बॅक्युलाचा नियंत्रक प्रोग्राम) आणि कॅटलॉग यांपैकी काहीही चालू नसताना तो डंप थेट टेपवरून काढून देते. ती सर्व्हरच्याच वर्किंग डिरेक्टरीत राहिली, तर सर्व्हरबरोबरच जाते. म्हणून ती ईमेलने पाठवण्याची सोय बॅक्युलात आहे. अर्थात, ती मेलपेटी त्याच कोसळलेल्या यंत्रणेवर असेल तर या सोयीचा उपयोग शून्य.

नेटबॅकअपमध्ये हीच भूमिका कॅटलॉग बॅकअपबरोबर तयार होणारी डिझास्टर रिकव्हरी फाइल बजावते. नव्या आवृत्त्यांत तिच्या जोडीला डिझास्टर रिकव्हरी पॅकेज असते. त्यात सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे असतात आणि ते पासफ्रेजने, म्हणजे लांब पासवर्डने, कुलूपबंद असते. पासफ्रेज विसरला तर तो कोणाकडूनही परत मिळत नाही, आणि तो ज्या पासवर्ड व्यवस्थापकात ठेवला आहे त्याचा बॅकअपही याच सर्व्हरवर असेल, तर ते कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत ठेवल्यासारखे होते. स्टोरेज प्रोटेक्टमध्ये डेटाबेसच्या बॅकअपबरोबर व्हॉल्यूम हिस्टरी फाइल, डिव्हाइस कॉन्फिगरेशन फाइल आणि मुख्य एन्क्रिप्शन की असलेल्या फाइली बाहेर जपाव्या लागतात. वीमचा कॉन्फिगरेशन बॅकअप आपोआप डीफॉल्ट रिपॉझिटरीत, म्हणजे बॅकअप साठवण्याच्या मूळ जागेत, जातो, जी बहुधा त्याच सर्व्हरवर असते. शिवाय तो एन्क्रिप्ट केलेला नसेल तर साठवलेले पासवर्ड त्यात येत नाहीत आणि ते सगळे हाताने पुन्हा भरावे लागतात.

डेटाबेसच्या स्वतःच्या साधनांनी प्रत काढण्याचा तिसरा मार्ग ज्यांचा कॅटलॉग खुल्या डेटाबेसमध्ये आहे त्यांच्यासाठीच खरा पर्याय आहे. व्यापारी उत्पादनांच्या अंतर्गत डेटाबेसला बाहेरच्या साधनांनी हात लावू नये. बॅक्युलाचा कॅटलॉग पोस्टग्रेस्क्यूएलवर असेल, तर मूळ प्रत आणि तिच्यापुढच्या वॉल नोंदींचा (डेटाबेस प्रत्येक बदलाची ठेवतो त्या नोंदींचा) सतत चालणारा संग्रह यांच्या आधारे डेटाबेस कोणत्याही क्षणाला परत नेता येतो. दुसऱ्या मार्गाने रात्रभराच्या नोंदी गमावण्याची शक्यता असते, इथे ती काही मिनिटांवर येते. त्याहून मोठा लाभ असा की ही प्रत साधी फाइल असते आणि ती उघडायला बॅकअप सॉफ्टवेअर, टेप लायब्ररी किंवा बूटस्ट्रॅप यांपैकी काहीच लागत नाही. किंमत म्हणजे आणखी एक यंत्रणा सांभाळणे, आणि डायरेक्टर व स्टोरेज डीमन (माध्यमावर लिहिणारा प्रोग्राम) यांच्या कॉन्फिगरेशन फाइली डेटाबेसमध्ये नसल्याने त्या आठवणीने वेगळ्या जपणे.

प्रतिकृतीचा चौथा मार्ग वेगात सर्वांना मागे टाकतो, कारण दुसऱ्या ठिकाणचा सर्व्हर आधीच भरलेल्या कॅटलॉगसह उभा असतो. आग, पूर किंवा डिस्क निकामी होणे अशा आपत्तींवर हा उत्तम उपाय आहे. परंतु एखाद्या प्रशासकाने चुकून नोंदी पुसल्या किंवा घुसखोराने जाणूनबुजून पुसल्या, तर ते पुसणेही तितक्याच तत्परतेने पलीकडे पोहोचते. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये, ९.४ या आवृत्तीपासून, प्रतिकृती ठेवणाऱ्या स्टँडबाय सर्व्हरवर बदल ठरावीक विलंबाने लागू करता येतात आणि त्यामुळे ही जोखीम कमी होते. तरीही प्रतिकृतीला बॅकअप समजून बाकीचे मार्ग सोडणे मला धोक्याचे वाटते.

यापुढची अडचण चारही मार्गांना कमीअधिक लागू आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परत आणलेला कॅटलॉग कालचा असतो आणि टेप आजच्या असतात. मधल्या वेळात एखादी टेप मुदत संपून पुन्हा लिहिली गेली असेल, तर जुना कॅटलॉग तिच्यावर नसलेला डेटा दाखवतो. उलट, काल मोकळी असलेली टेप आज भरली असेल, तर तो तिला मोकळीच समजतो आणि पहिल्याच जॉबला तिच्यावर लिहू देण्याची शक्यता निर्माण होते. बॅक्युलात अर्धवट भरलेल्या टेपच्या शेवटी लिहायला जाताना टेपवरील आणि कॅटलॉगमधील फाइल-संख्या जुळली नाही, तर व्हॉल्यूमला त्रुटीचा शिक्का बसतो, त्यामुळे हानी टळते. पण सगळीकडे आणि प्रत्येक परिस्थितीत असे होईल यावर विसंबू नये. स्टोरेज प्रोटेक्टमध्ये पूलला रीयूज-डिले, म्हणजे टेप पुन्हा वापरण्याआधीचा विलंब, ठरवून देता येतो, आणि सर्वांत जुना डेटाबेस बॅकअप जितके दिवस ठेवला जातो किमान तितके दिवस रिकामी झालेली टेप पुन्हा वापरू नये, असे त्यामागचे गणित आहे. कोणतेही सॉफ्टवेअर असो, कॅटलॉग परत आणण्याआधी वेळापत्रक थांबवणे, शेवटच्या कॅटलॉग बॅकअपनंतर वापरलेल्या टेपना लेखन-बंदी करणे आणि मग केवळ त्याच टेप बीस्कॅन किंवा इम्पोर्टने वाचणे, हा क्रम लिहून ठेवावा. पहिल्या मार्गाची योग्य जागा इथेच आहे: चाळीस टेपऐवजी दोन-तीन टेपवर.

लहान यंत्रणा, एकच जागा आणि एका दिवसाच्या नोंदी पुन्हा वाचून घेण्याची तयारी असेल, तर दुसरा मार्ग आणि दुसऱ्या यंत्रणेवर जाणारी बूटस्ट्रॅप किंवा रिकव्हरी फाइल एवढे पुरे. कॅटलॉग पोस्टग्रेस्क्यूएलवर असेल आणि तो सांभाळणारा माणूस हाताशी असेल, तर मी तिसऱ्या मार्गाला झुकते माप देईन, मात्र दुसरा बंद न करता. रिस्टोअर काही तासांतच सुरू व्हायला हवा अशी लेखी अट असेल तेव्हाच चौथ्यावर खर्च करावा, आणि तोही दुसऱ्या किंवा तिसऱ्याच्या जोडीने. रेस्टिक किंवा बोर्ग ही खुली बॅकअप साधने वापरणाऱ्यांना केंद्रीय कॅटलॉगच नसतो, कारण सूची रिपॉझिटरीतच राहते. त्यांच्याकडे हाच प्रश्न एन्क्रिप्शनच्या किल्लीपाशी येऊन ठेपतो, आणि बोर्गची रिपॉझिटरीत ठेवलेली किल्ली निर्यात करून बाहेर जपली नसेल, तर रिपॉझिटरीची कॉन्फिगरेशन फाइल बिघडल्यावर बाकी सगळा शाबूत डेटाही उघडत नाही.

निवड झाल्यावर तिची चाचणी मूळ सर्व्हर बंद आहे असे धरून कोऱ्या यंत्रावर घ्यावी, आणि ती योजना लिहिणाऱ्याने न घेता दुसऱ्याने घ्यावी. नेटबॅकअपमध्ये नव्या सर्व्हरचे नाव आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती मूळ सर्व्हरशी जुळावी लागते, म्हणून इन्स्टॉलर, परवान्याच्या फाइली आणि अचूक होस्टनेम यांची प्रत रिकव्हरी फाइलीशेजारीच असावी. आणि सॉफ्टवेअर अद्ययावत केले की त्याच दिवशी तो संचही बदलावा.