चितार ओळीतली दिवाळी खरेदी: पणत्या, लक्ष्मी अन् घराचं दार

नागपूरच्या महालातल्या चितार ओळीबद्दल गणपतीच्या वेळेस सगळेच लिहितात, पेपरात फोटो येतात, रील्स बनतात, पण दिवाळीच्या खरेदीसाठी ही गल्ली किती कामाची आहे हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून हा रिव्ह्यू लिहून राहिली. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो गाडी ठेवायच्या त्रासापायी, गल्लीतल्या माणसांपायी नाही.

आधी थोडं घरचं सांगते, नाहीतर एवढ्या दूर मातीच्या पणत्यांसाठी कशाला जायचं असं वाटेल. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी बंगळुरूला शिकायला, दोघंही ऐन लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री पोचतात अन् पाडव्याला परत निघायच्या तिकिटाची गोष्ट काढतात. सासूबाई होत्या तोवर घरात वसुबारसेपासून धामधूम असायची, त्या गेल्या अन् मग हळूहळू सगळं आटत गेलं, फराळ विकतचा, दाराला प्लॅस्टिकचं तोरण, बाल्कनीत एक लायटिंगची माळ, झाली दिवाळी. घर चकाचक होतं, धूळ शोधून सापडायची नाही, पण येणारा माणूस दारातच डबा हातात देऊन "नको नको, घाईत आहे" म्हणून निघून जायचा. मला ते फार लागायचं. लोक म्हणतात आता पहिल्यासारखी दिवाळी राहिली नाही, मला वाटते दिवाळी आहे तिथेच आहे, आपण दारापासून ती आत यायची सोय काढून टाकली. म्हणून यंदा ठरवलं की खर्च करायचा तो दारावर अन् बसायच्या जागेवर, बाकी शोभेच्या वस्तू नाही घेतल्या तरी चालतील.

आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी एका साइटवरून सजावटीचा तयार बॉक्स मागवला होता, मी तो हातात घेऊन पाहिला. चिकटवायचे झेंडू, बॅटरीच्या मेणबत्त्या, एक 'शुभ दीपावली'चं स्टिकर. मेणबत्त्यांचा उजेड दवाखान्याच्या कॉरिडॉरसारखा पांढरा निळसर, त्यात दोन तर लागल्याच नाहीत. किंमत विचारली तर तेवढ्यात मी चितार ओळीतून पिशवी भरून आणली असती, अन् आणलीच.

जायचं कसं ते सांगते. स्वतःची गाडी नेऊच नका, महालातल्या गल्ल्या अरुंद, त्यात दिवाळीच्या आठवड्यात बडकस चौकाकडून पुढे सरकायला जागा राहत नाही. मी छत्रपती चौकातून मेट्रोत बसली, बर्डीला म्हणजे सीताबर्डीला उतरून ॲक्वा लाइन पकडली अन् चितार ओळी चौक स्टेशनला उतरली. प्रजापती नगरकडे जाणारा हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला तेव्हापासून आमच्यासारख्या वर्धा रोडकडच्या लोकांची महालची मोठी सोय झाली. स्टेशन सेंट्रल एव्हेन्यूवर आहे, तिथून आत चालत जावं लागते, गुडघ्याचा त्रास असेल तर ई-रिक्षा मिळते. एक मोठी कापडी पिशवी अन् जुने पेपर घरून न्या, पॅकिंगबद्दल खाली सांगते.

भोसल्यांच्या काळापासून मूर्तीकारांची ही वस्ती आहे. गणपती झाले की दुर्गा, दुर्गा झाली की लक्ष्मी, असं वर्षाचं चक्र चालते. दसरा आटोपला की शेडमध्ये लक्ष्मीच्या छोट्या छोट्या मूर्ती रांगेनं वाळत ठेवलेल्या दिसतात अन् रस्त्याच्या कडेला पणत्या, बोळकी, डोक्यावर दिवे घेतलेल्या गवळणी असा माल मांडलेला असतो. मी ज्यांच्याकडून पणत्या घेतल्या त्या मावशी पोत्यावर बसून होत्या, बाजूला नातू मोबाइलवर, अन् गिऱ्हाईक आलं की त्या एक पणती उचलून नखानं टिचकी मारायच्या. टणटण आवाज आला तर भाजलेली, बद्द आवाज आला तर कच्ची राहिली. मला म्हणे, "ताई, रंग पाहून घेऊ नका, आवाज ऐकून घ्या, कच्ची पणती तेलानं ढिली पडते." मग मी पण खाली बसली अन् एकेक पणती वाजवून पाहिली, मावशींनी एकदाही कटकट केली नाही, उलट बुडाशी हलणाऱ्या दोन त्यांनीच बाजूला काढल्या.

पणती घेताना आणखी एक पाहायचं ते म्हणजे चोच. वात जिथे टेकते ती जागा जास्त उथळ असली तर वातीवरून तेल बाहेर ओघळते अन् फरशीवर तेलकट डाग पडतात, मग ते घासत बसा. थोडी खोल अन् वर उचललेली चोच चांगली. ॲक्रिलिक रंगाच्या, टिकल्या लावलेल्या पणत्या पण होत्या, दिसायला छान, पण रंग ज्योतीच्या जवळ असला की काळा पडतो, मी साध्या लाल मातीच्याच घेतल्या, 40 रुपये डझन. भाव केला नाही, करावासा वाटला नाही.

घरी आणल्या की पणत्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, हे पुष्कळांना माहीत आहे पण कंटाळा करतात. कोरडी माती तेल पिऊन घेते अन् तासाभरात वात विझते. मी बादलीत टाकल्या तर सगळ्या पणत्यांतून बारीक बारीक बुडबुडे वर येऊन राहिले अन् चुर्र असा आवाज, मुलगी व्हिडिओ कॉलवर होती ती पण ऐकत बसली. रात्रभर पाण्यात, दुसऱ्या दिवशी उन्हात, मग वापरायला काढल्या. तेल करडईचं घातलं, वात जरा जाड वळली, सांजवेळी लावलेली पणती जेवणं होईस्तोवर टिकली.

आता मूर्तीबद्दल. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला दरवर्षी मातीची नवीन लक्ष्मी येते अन् मागच्या वर्षीची पाण्यात शिरवतात, मधली काही वर्षं आम्ही फोटोवरच भागवलं होतं. एका शेडमध्ये एक कारागीर दादा डोळ्यांची आखणी करत होते. तीन-चार केसांचा ब्रश, डावा हात मूर्तीच्या गालाला टेकवलेला, श्वास रोखून वरच्या पापणीची रेघ एका ओढीत मारायची, मग खालची, मग बुबुळ, अन् मगच श्वास सोडायचा. गर्दीतले पोट्टेसुद्धा तेवढा वेळ गप्प उभे होते. मी विचारलं दादा ही कोणती माती, तर ओल्या कपड्याखालचा गोळा काढून हातावर ठेवला न त्यांनी, "दाबून पाहा न काकू." गार, लोण्यासारखी मऊ. मला त्यांच्याच हातची हवी होती पण त्या सगळ्या बुक झालेल्या, मग त्यांनीच दोन दुकानं सोडून पुढे पाठवलं अन् सांगितलं की बुडाशी पाहून घ्या, प्लास्टरची असली तर हलकी लागते अन् आतून पांढरी दिसते. स्वतःचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवणारा माणूस मॉलमध्ये दाखवा मला. मूर्ती 250 ला मिळाली, वीतभर उंचीची, चेहरा फार शांत आहे.

बोळकी पण घ्याच, लाह्या-बत्तासे भरून पूजेत मांडायला. नव्या घरात वाढलेल्या मुलांना ते बोळकं काय असते तेच माहीत नाही. आमचा मुलगा पूजा झाल्यावर बोळक्यातले बत्तासे खात बसला जसा लहानपणी आजीजवळ बसून खायचा, तेवढ्यानं माझी दिवाळी झाली खरंतर.

चितार ओळीत जे मिळत नाही ते: आकाशकंदील अन् कपड्याचं तोरण. कंदील मी बर्डीवरून घेतला, बांबूच्या काड्या अन् कागद असलेला, त्यात 9 वॅटचा बल्ब लावला. बल्ब घेताना डब्यावर केल्विनचा आकडा पाहा. 2700 किंवा 3000 लिहिलेलं असलं की पिवळसर ऊबदार उजेड, 6500 म्हणजे पांढरा फटक. हॉलमधली ट्यूबलाइट मी दिवाळीच्या संध्याकाळी बंदच ठेवली, कोपऱ्यात एक लॅम्प, खिडकीला पिवळी माळ, बाकी पणत्या. यांनी पहिल्या दिवशी कुरकुर केली की पेपर वाचायला दिसत नाही, दुसऱ्या दिवशी स्वतःच ट्यूब बंद करून बसले.

सोफ्याचं तोंड टीव्हीकडे होतं ते फिरवलं. एक गादी खाली टाकली, लोड ठेवले, आता येणारा माणूस समोरासमोर बसतो, टीव्हीकडे पाहून "हं हं" करत नाही. दारातला चपलांचा रॅक जिन्याच्या बाजूला नेला, कुरिअरचे खोके, हेल्मेट, छत्र्या, सगळं आत. उंबरठ्याच्या बाहेर दोन बाजूंना पाच-पाच पणत्या, मधे ठिपक्यांची रांगोळी, सासूबाई काढायच्या तीच कमळाची, हात वळायला वेळ लागला पण दुसऱ्या दिवशी ओळी सरळ आल्या. झेंडू बर्डीच्या फूल मार्केटमधून पहाटे आणला, आंब्याची पानं समोरच्या काकांच्या झाडाची.

अन् टेबलावर संत्री. हे मला सगळ्यांना सांगायचं आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री यायला लागतात, 2014 मध्ये आपल्या संत्र्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला त्याचा आपण अभिमान सांगतो पण पाहुण्यापुढे ठेवतो काय तर इम्पोर्टेड चॉकलेटचा डबा. पितळी परातीत संत्री रचून ठेवली, कोणी आलं की एक सोलायचं, त्या सालीचा वास पूर्ण हॉलमध्ये पसरते, रूम फ्रेशनर वगैरे काही लागत नाही. फराळाच्या तेलकट-गोडावर ते आंबटगोड बरं पण वाटते. लहान पोरं तर चकली सोडून संत्र्यावर तुटून पडली.

फरक काय पडला ते सांगते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार उघडंच ठेवलं होतं, पणत्या लावून राहिली होती तर चौथ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टची वाट पाहत उभ्या होत्या, त्या पणत्या पाहत पाहत जवळ आल्या अन् म्हणाल्या, "अगं, ही चितार ओळीची लक्ष्मी न?" माहेर महालातलं त्यांचं. आत आल्या, गादीवर बसता येत नाही म्हणून खुर्ची दिली, अन् मग दीड तास त्यांनी जुन्या महालातल्या दिवाळीच्या गोष्टी सांगितल्या, शुक्रवारी तलावाकडे फिरायला जायचे, वाड्याच्या चौकात सगळ्या सुना मिळून करंज्या भरायच्या. माझी पोरं मोबाइल ठेवून ऐकत होती. त्यांना शोधत त्यांची सून आली, सुनेला शोधत मुलगा आला, मग वहिनी आल्या. चहाला दूध पुरलं नाही, खालून मागवलं. एवढ्या वर्षांत आमच्या हॉलमध्ये इतकी माणसं बसलेली मी पाहिली नव्हती अन् कोणालाही मी फोन करून बोलावलं नव्हतं.

आता उणं काय ते पण लिहिते म्हणजे जाणाऱ्याची तयारी राहील. पॅकिंग म्हणजे पातळ कॅरीबॅग, पणत्या एकमेकांवर आपटून चोची तुटतात, म्हणून घरचे पेपर न्या अन् दोन पणत्यांच्या मधे घडी टाका, मूर्ती मांडीवरच घेऊन बसा. काही मूर्तींचा सोनेरी रंग हाताला लागतो, घेण्याआधी मागच्या बाजूला बोट फिरवून पाहा. संध्याकाळी सहानंतर गर्दीत लहान लेकरू नेऊ नका, सकाळी अकराच्या आसपास गल्ली निवांत असते अन् कारागीरांना बोलायला पण वेळ असतो. पैशांचं टेन्शन नाही, पोत्यावर बसलेल्या मावशींकडे पण क्यूआर कोड आहे, पण सुटे ठेवा, नेटवर्क गर्दीत अडकते. बसायची, पाणी प्यायची सोय अशी काही नाही, ती महापालिकेनं दिवाळीच्या दिवसांत तरी करावी असं फार वाटते, माल विकणाऱ्या बायका सकाळपासून उन्हात बसून असतात.

माझा सगळा खर्च, म्हणजे पणत्या, बोळकी, मूर्ती, एक गवळण, कंदील अन् बल्ब धरून, हजाराच्या आत झाला. गवळण अजून टीव्हीच्या बाजूला उभी आहे, काढायचं मन होत नाही.

दिवाळी झाली तरी जाऊ शकता, त्रिपुरी पौर्णिमेला तुळशीजवळ अन् देवळात पणत्या लागतातच, तेव्हा मी परत गेली तर गल्ली रिकामी होती, त्याच मावशींनी 25 ला डझन दिल्या अन् वर दोन बोळकी तशीच टाकली पिशवीत. "सून आली की तिला घेऊन या," म्हणाल्या. सून यायला अजून वेळ आहे, पुढच्या वर्षी मुलीला घेऊन जाईन.