टायटॅनियमच्या फ्रेमला चुंबक चिकटलं

ठरलेल्या किमतीच्या 104 टक्के पैसे मी भरले आणि टायटॅनियमच्या नावाखाली रंगवलेली स्टीलची सायकलची फ्रेम घरी आली. हिशेब असा: 50 टक्के नंबर लावताना, 30 टक्के फ्रेम बनवणारा ‘नळ्या कापल्या’ म्हणाला तेव्हा, 20 टक्के पाठवण्याआधी, आणि वरचे 4 टक्के टी-47 मापाच्या बॉटम ब्रॅकेटच्या शेलचे, म्हणजे पेडलचा आस जिथे बसतो त्या आडव्या नळीचे. हा शेल मुळात कोटेशनमध्येच धरलेला होता. एकूण आकडा लिहीत नाही. तो ऐकला की लोक फसवणूक सोडून “सायकलला एवढे?” यावरच घसरतात. 22 महिने बाजूला टाकलेले पैसे होते, एवढं पुरे.

कस्टमची, म्हणजे मापाने बनवून घ्यायची, हौस कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. माझी उंची 157 सेंटिमीटर. तयार ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्याच्या) सायकलीतली सगळ्यात लहान साइज घेतली तरी मोठ्या 700सी चाकामुळे हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. खडीच्या चढावर ते लागलं की माणूस थेट आडवा. मी दोनदा पडले, त्यात एकदा मनगट गेलं. म्हणून मला थोडी लहान 650बी चाकं, 47 मिलिमीटरचे टायर, 360 मिलिमीटरचा रीच (पेडलच्या आसापासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या तोंडापर्यंतचं आडवं अंतर) आणि पायापासून पुरेसं लांब पुढचं चाक हवं होतं. ही हौस नव्हती, गरज होती.

आणि तो माणूस अडाणी नव्हता. बुटाचा नंबर विचारला, क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी विचारली, बॅगा पुढे बांधणार की मागे हे विचारलं. बीबी ड्रॉप, म्हणजे बॉटम ब्रॅकेट चाकांच्या आसाच्या रेषेखाली किती, यावर अर्धा तास बोलला. बाइककॅड या सायकल-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं ड्रॉइंग पाठवलं, त्यावर 360 रीच स्पष्ट लिहिलेला. असं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल? अर्धे पैसे आगाऊ घेणं या धंद्यात नेहमीचंच, कारण मापाची फ्रेम दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. महिनोन्‌महिने थांबणंही नेहमीचं. एकटा माणूस वेल्डिंग करत असतो, लगेच उत्तर देत नाही, हेही खरं. त्याने बरोबर याच गोष्टींचा फायदा घेतला.

आता ती संध्याकाळ. उघड्या, बिनरंगाच्या फ्रेमचा फोटो त्याच्याकडून आला होता. हेड ट्यूबवरचे (हँडलखालच्या नळीवरचे) वेल्डिंगचे टाके नाण्यांची चळत आडवी केल्यासारखे एकसारखे, रुपेरी, कडेला जेमतेम सोनेरी झाक. टायटॅनियमच्या कामात हाच रंग बघायचा असतो. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन शोषतं आणि ठिसूळ होतं, म्हणून नळीच्या आतबाहेर आरगॉन सोडून जोडावं लागतं. जोड निळा, करडा किंवा पांढरट पडला तर समजायचं की गॅस कमी पडला. मला हे माहीत होतं. फोटो बघून मी खूश झाले. तो फोटो दुसऱ्याच कुणाच्या फ्रेमचा होता, हे नंतर कळलं.

दहा मिनिटांनी मेसेज आला: “ताई, तुम्ही एवढं थांबलात, रंग माझ्याकडून. पैसे घेणार नाही.”

इथे मला थांबायला हवं होतं. टायटॅनियमला गंज चढत नाही. रंगाची गरज नसते, म्हणून बहुतेक लोक ते उघडंच ठेवतात, आणि रंगाचं काम काही स्वस्त नसतं. ज्याने बॉटम ब्रॅकेटच्या शेलसाठी 4 टक्के वेगळे उकळले, तो माणूस अख्खा रंग फुकट का देईल? उघड्या फ्रेमवर नळी दिसते, जोड दिसतो. रंगाखाली काहीच दिसत नाही. आणि मी काय उत्तर दिलं? “खरंच? गडद हिरवा चालेल?” तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. वाचला की पोटात ढवळतं. त्याच्या दोनच आठवडे आधी मी एका मैत्रिणीला सांगितलं होतं की टायटॅनियम रंगवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. उरलेले 20 टक्के मी त्याच रात्री भरले. माझी चूक एवढीच की मला फ्रेम हवी होती. खोटं मी बोलले नव्हते.

खोका आला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात वजन 1,650 ग्रॅम लिहिलं होतं, काट्यावर भरलं 2,310. विचारलं तर म्हणाला, रंगाचं वजन. रंगाने 660 ग्रॅम वाढत नाहीत! मग फ्रिजवरचं चुंबक आणलं आणि डाउनट्यूबला (खालच्या तिरक्या नळीला) लावलं. टक् आवाज झाला आणि ते चिकटून बसलं. टॉप ट्यूबला चिकटलं, सीट ट्यूबला चिकटलं. चुंबक बोल्टला लावून बघू नका, बोल्ट स्टीलचे असू शकतात, नळीलाच लावा. आणि चिकटलं नाही म्हणून टायटॅनियम ठरत नाही, ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. चिकटलं तर मात्र विषय संपला.

माप तरी माझं असेल, या आशेने जुनी चाकं लावून सायकल सपाट फरशीवर सरळ उभी केली आणि ओळंबा सोडला. एक खूण बॉटम ब्रॅकेटच्या मध्याखाली, दुसरी हेड ट्यूबच्या वरच्या तोंडाच्या मध्याखाली. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे रीच. आला 378. तीनदा मोजला, तीनदा 378. म्हणजे फ्रेम माझ्यासाठी बनवलेलीच नव्हती, कुठली तरी तयार फ्रेम रंगवून पाठवली होती. हँडल वळवलं तर बूट चाकाला लागला.

पैसे भरण्याआधी नळ्यांची यादी लेखी मागा: कुठला ग्रेड, किती व्यास, किती जाडी. खरा बिल्डर ती आनंदाने देतो.

पोलिसांकडे गेले. “मॅडम, वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद.” मी म्हटलं, सोनं सांगून पितळ दिलं तर काय म्हणाल? ते म्हणाले, सायकल आणि सोनं एक नाही. मग रक्कम ऐकून दोघं एकमेकांकडे बघून हसले. अर्ज घेतला, पोच द्यायला मला चार खेपा घालायला लावल्या. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही परत आणू शकत नाही. मी खात्यावर थेट ट्रान्सफर केला होता, कारण कार्डने भरलं तर 3 टक्के जास्त पडतील असं तो म्हणाला होता. ते 3 टक्के भरले असते तर निदान व्यवहारावर हरकत घेता आली असती. कुरियरवाले म्हणाले, खोका बंद होता, आत काय ते आमचं काम नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बिल मागितलं. बिलावर काय आहे? “सायकल फ्रेम, 1 नग.” टायटॅनियम हा शब्दच नाही! तिथल्या बाईंनी बिल उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “मग फ्रेमच मिळाली ना तुम्हाला?” धातूची तपासणी करून आणा म्हणाल्या, खर्च माझा. वर विरुद्ध पक्षाचा पत्ता हवा. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘या नावाचे कोणी राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आली. प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो आणि प्रत्येक दाराशी मला पहिल्यापासून, रीच म्हणजे काय इथपासून, सगळं सांगावं लागतं. चोरीला गेलेल्या सायकलीची तक्रार घेतात. चोराने घरपोच आणून दिलेल्या सायकलीची कुणीच घेत नाही.

बिलावर धातूचं नाव आणि ड्रॉइंगचा क्रमांक लिहून घ्या. नसेल लिहीत तर तिथेच उठा. शेवटचा हप्ता फ्रेम रंगाआधी, उघडी, व्हिडिओ कॉल चालू असताना पाहूनच द्या, आणि आजची तारीख कागदावर लिहून फ्रेमशेजारी धरायला लावा. लाज वाटेल. मलाही वाटली होती, “ताई, विश्वास नाही का?” असं तो म्हणेल म्हणून मी मागितलंच नाही.

तक्रारीला आज 97 दिवस झाले. तपासायला कोणी येईल म्हणून डाउनट्यूबखाली बोटभर जागेवरचा हिरवा रंग मी कानशीने तासून ठेवला होता. कोणी आलं नाही. त्या जागेवर आता तांबूस गंज धरलाय.