चुंबक चिकटलं म्हणून मेटल? १:५० ट्रक-ट्रेलरच्या नावाखाली विकलं गेलेलं खेळणं

खऱ्या ट्रकच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढ्या (१:५०), संग्रहासाठीच्या मॉडेलची जाहिरात अशी होती: स्कॅनियाचा दोन ॲक्सलचा घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक), मागे तीन ॲक्सलचा रीफर (थंड पेटीचा) ट्रेलर, '१:५०, फुल मेटल, लिमिटेड एडिशन', किंमत ९,५०० रुपये. सोबत व्हिडिओ. ट्रेलरच्या पोटाला चुंबक लावलं की टक्कन चिकटतं. यूपीआयने पैसे आधी गेले आणि पार्सलमधून खेळणं निघालं.

खरं तर तो व्हिडिओच संशय यायला पुरेसा होता. डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली मॉडेल ओततात झॅमॅकमध्ये, म्हणजे जस्त आणि त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम. त्याला चुंबक चिकटतच नाही. तळाचे स्क्रू काढल्यावर आत ग्लू गनने चिकटवलेली लोखंडी पट्टी सापडली. हाताला लागणारं वजन तिचंच. बाकी ट्रेलर अख्खा प्लास्टिकचा. रीफरची पेटी चांगले निर्मातेही प्लास्टिकची करतात, त्यात लबाडी नाही. पण केबिन आणि चासी (खालचा सांगाडा) धातूची हवी, आणि इथे चासीही प्लास्टिकचीच होती.

मग मापं. युरोपातला नेहमीचा सेमी-ट्रेलर साधारण १३.६ मीटर लांब असतो आणि रीफरची रुंदी २.६ मीटर. पन्नासने भागलं की २७२ मिमी आणि ५२ मिमी. हा ट्रेलर रुंदीला बरोबर ५२ भरला, लांबीला मात्र २२४. रुंदीने १:५०, लांबीने १:६०च्या पुढे! म्हणजे हे लहान स्केलचं मॉडेलही नव्हे, खोक्यात मावावं म्हणून आखूड केलेलं खेळणं. फोटो समोरून तिरके काढले होते, त्यात लांबी कळत नाही. म्हणून बरोबर बाजूने, चासीला स्टीलची मोजपट्टी टेकवून काढलेला फोटो मागायचा. 'उद्या पाठवतो' सुरू झालं की तिथेच थांबावं.

चाकांवरून तर लगेच कळतं. अशा ट्रेलरला तिन्ही ॲक्सलवर रुंद सिंगल टायर असतात, घोड्याच्या मागच्या ॲक्सलला डबल. खऱ्या टायरचा व्यास सुमारे १,०७० मिमी, म्हणजे मॉडेलवर २१ मिमीच्या आसपास हवा. इथे सगळी चाकं एकाच साच्यातली, १८ मिमीची, आणि घोड्याला मागेही सिंगलच.

फिफ्थ व्हीलची, म्हणजे घोड्यावर ट्रेलर टेकतो त्या जोडणीची प्लेट पुढे-मागे डुलायला हवी आणि किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या खालची पिन, तिच्या खाचेत अडकायला हवी. इथे भोकात घातलेली प्लास्टिकची खुंटी, तीही केबिनच्या इतकी जवळ की घोडा वळवला की ट्रेलरचा कोपरा केबिनला घासतो. ट्रेलरचे पुढचे पाय वर उचलले जात नाहीत, ओतीवच आहेत. ट्रक जोडलेला असतानाही पाय जमिनीला टेकलेले; खऱ्या रस्त्यावर हा पहिल्या गतिरोधकालाच अडकला असता.

१०एक्स भिंगाखाली ट्रेलरवरच्या अक्षरांभोवती पारदर्शक फिल्मची किनार दिसते, आणि मागच्या दोन दारांमधल्या फटीवरून स्टिकर सरळ ताणलेला. चांगल्या मॉडेलवर अक्षरं मऊ पॅडने थेट छापतात; त्या पॅड प्रिंटिंगची शाई अशी फटीवर पूल बांधत नाही. सर्टिफिकेटवर '३१२/५००' आहे, पण निर्मात्याचं नाव नाही आणि आर्टिकल नंबरही नाही. तेवढं तर कोणीही छापून घेईल.

पैसे परत मिळवायचे तर पार्सलचं लेबल दिसेल असा, मध्ये न तोडलेला अनबॉक्सिंग व्हिडिओ, जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि मोजपट्टी लावलेले फोटो एकत्र ठेवा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण हे नियम धंदा म्हणून विकणाऱ्याला लागू होतात, आपल्या संग्रहातली वस्तू खासगीत विकणाऱ्याला नाहीत. इथला विक्रेता 'माझ्या कलेक्शनमधलं आहे' असं का लिहीत होता, ते यावरून कळतं. पैसे घेऊन खातंच बंद केलं असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.